कोलोनोस्कोपी एक, बिलं चार

एप्रिल २०२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका मराठी गृहस्थांची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी) झाली. भूल उतरून ते घरी पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. त्या सकाळची बिलं मात्र सप्टेंबर उजाडला तरी मिटली नव्हती. ओळख पटू नये म्हणून इथे नाव आणि काही तपशील बदलले आहेत. इन्शुरन्स कंपनी, सर्जरी सेंटर आणि डॉक्टर यांची नावंही दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

अविनाश, वय ४७, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. त्रास कसलाच नाही. कंपनीचा हाय-डिडक्टिबल प्लॅन. वर्षाला पहिले ३,००० डॉलर (हे डिडक्टिबल) स्वतःच्या खिशातून, त्यानंतर खर्चाचा २० टक्के वाटा (हा को-इन्शुरन्स). प्लॅन ‘सेल्फ-फंडेड’ होता, म्हणजे दाव्यांचे पैसे खुद्द कंपनी भरत होती आणि इन्शुरन्स कंपनी फक्त कारभार बघत होती. या बाबीकडे पुढे परत येऊ.

अशा प्लॅनमध्येही प्रतिबंधात्मक तपासण्यांना डिडक्टिबल लागत नाही. २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टनुसार, प्रिव्हेन्टिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञ मंडळाने ज्या सेवांना ‘ए’ किंवा ‘बी’ श्रेणी दिली आहे, त्या नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे रुग्णाला एकही पैसा न पडता मिळाल्या पाहिजेत. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगला (त्रास नसताना केलेल्या तपासणीला) ५० ते ७५ वयासाठी ‘ए’ श्रेणी आहे आणि मे २०२१ पासून ४५ ते ४९ साठी ‘बी’. ७६ ते ८५ साठी ‘सी’ आहे, म्हणून तिथे मोफतची सक्ती नाही. २०१० च्या आधीपासून फारसे न बदललेले जुने ‘ग्रँडफादर्ड’ प्लॅन आणि शॉर्ट-टर्म पॉलिसी या नियमाबाहेर आहेत. (या सगळ्या रचनेवर खटला चालू होता. २७ जून २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने टास्क फोर्सची रचना वैध ठरवली.)

जानेवारीतल्या वार्षिक तपासणीत फॅमिली डॉक्टरांनी स्क्रीनिंगचा विषय काढला. फॉर्मवर ‘घरात कोणाला कॅन्सर?’ असा प्रश्न होता. अविनाश यांनी ‘नाही’वर खूण केली. वडिलांचं मिरजेला ‘आतड्याचं ऑपरेशन’ झालं होतं खरं, पण घरात कॅन्सर हा शब्द कधी कोणी उच्चारला नव्हता. आपल्याकडे शौचावाटे रक्त गेलं की ‘मूळव्याध’ आणि पोट उघडलं की ‘गाठ काढली’, एवढ्यावर विषय मिटतो.

पहिला निर्णय: कोणती तपासणी

त्यांच्यापुढे चार वाटा होत्या.

फिट चाचणी शौचातलं डोळ्याला न दिसणारं रक्त शोधते. ती घरच्या घरी, शौचाच्या एका छोट्या नमुन्यावर होते. पथ्य नाही, पण ती दरवर्षी न चुकता करावी लागते. शौचातल्या डीएनएची चाचणी दर एक ते तीन वर्षांनी करायची असते, आणि नमुना घेतल्यापासून ७२ तासांत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. २०१४ च्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात डीएनए चाचणीने ९२.३ टक्के कॅन्सर पकडले, फिटने ७३.८ टक्के. पण चाचणी जितकी तिखट, तितकी ती उगाचही ओरडते. डीएनए चाचणीची विशिष्टता ८६.६ टक्के होती, फिटची ९४.९. म्हणजे कॅन्सर किंवा मोठा पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची गाठ) नसलेल्या दर शंभर जणांपैकी तेरा-चौदा जणांचा अहवाल डीएनए चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ येतो.

तिसरी वाट थेट कोलोनोस्कोपीची. काही सापडलं नाही तर पुढची दहा वर्षांनी. सापडलं तर त्याच वेळी काढून टाकता येतं. चौथी वाट बऱ्याच मराठी घरांत बोलली जाते: ‘दिवाळीत पुण्याला जातोच आहोत, तिथेच स्वस्तात उरकू.’ हिशेबाला ती बरी वाटते. पण पॉलिप काढल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत उशिरा रक्तस्राव होऊ शकतो, आणि सुट्टी संपत आली की नेमका तेव्हाच परतीचा लांबचा विमानप्रवास येतो. शिवाय पॅथॉलॉजीचा अहवाल, आतड्याची तयारी कितपत झाली होती, पॉलिप किती मिलिमीटरचा होता, हे लेखी बरोबर आणलं नाही तर पुढची तारीख ठरवायला इथल्या डॉक्टरांच्या हाती काहीच उरत नाही.

अविनाश यांनी डीएनए चाचणी निवडली. कारण साधं: रजा नको आणि घरी सोडायला कोणी शोधायला नको. निवड चुकीची नव्हती. पण एक गोष्ट त्यांना कोणी सांगितली नाही. शौचाची चाचणी पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी करावीच लागते. ती होईपर्यंत स्क्रीनिंग अर्धवटच असतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अहवाल आला. पॉझिटिव्ह.

अडचण

फॅमिली डॉक्टरांच्या ऑफिसने गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्टकडे रेफरल पाठवलं. त्यावर निदानाचा कोड एकच होता: आर १९.५, म्हणजे शौचात काहीतरी असामान्य. वैद्यकीय दृष्ट्या त्यात खोटं काही नव्हतं. पण इन्शुरन्सच्या संगणकाला त्यातून एवढंच कळतं की रुग्णाला काही तक्रार आहे, ती तपासायची आहे. मग ती ‘डायग्नॉस्टिक’ कोलोनोस्कोपी ठरते, आणि डायग्नॉस्टिकला डिडक्टिबल लागतं.

तज्ज्ञांच्या ऑफिसकडून अंदाजपत्रक आलं: रुग्णाचा वाटा १,८५० डॉलर, त्यातले ३०० आगाऊ. अविनाश यांच्या पत्नीने इन्शुरन्सला फोन करून विचारलं, ‘कोलोनोस्कोपी कव्हर आहे ना?’ उत्तर आलं, ‘हो, आहे.’ दोन्ही बाजू खरं बोलत होत्या. ‘कव्हर्ड’ म्हणजे प्लॅन तो खर्च हिशेबात धरतो, आधी डिडक्टिबल वसूल करून. विचारायचं होतं ते वेगळंच: ‘ही प्रिव्हेन्टिव्ह म्हणून धरली जाईल का, आणि माझा वाटा शून्य आहे का?’

वास्तविक हा प्रश्न सुटलेला होता. १० जानेवारी २०२२ रोजी अमेरिकी सरकारच्या आरोग्य, कामगार आणि अर्थ या तीन खात्यांनी मिळून खुलासा काढला (अशा खुलाशांच्या मालिकेतला ५१ वा भाग). शौचाच्या चाचणीनंतर करावी लागणारी कोलोनोस्कोपी हा स्क्रीनिंगचाच भाग आहे, म्हणून ३१ मे २०२२ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या प्लॅन-वर्षापासून तिच्यासाठी रुग्णाकडून वाटा घेता येणार नाही. जानेवारी ते डिसेंबर चालणाऱ्या प्लॅनना हे २०२३ पासून लागू झालं. नियम होता, पण रेफरल लिहिणाऱ्या हाताला तो ठाऊक नव्हता.

दुसरा निर्णय: थांबायचं की नाही

घरात दोन मतं पडली. एक असं की डिसेंबरपर्यंत थांबावं, पुढच्या वर्षी कमी डिडक्टिबलचा प्लॅन घ्यावा आणि मग करावी. दुसरं असं की १,८५० तर १,८५०, पण आत्ताच.

इथे पैशाआधी कालावधी बघायला हवा. पॉझिटिव्ह चाचणीनंतर कोलोनोस्कोपीला दहा महिन्यांहून जास्त उशीर झालेल्यांत कॅन्सरचं, त्यातही पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आढळलं आहे. सहा महिन्यांच्या आत ती व्हावी, असं तज्ज्ञ संघटना सांगतात. मार्चपासून पुढच्या जानेवारीपर्यंत थांबणं म्हणजे नेमकं त्या धोक्याच्या रेषेवर जाणं. घाबरून दुसऱ्याच दिवशी धावायची गरज नव्हती, पण वर्ष बदलण्याची वाट बघणं बरोबर नव्हतं. तारीख एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली घेतली आणि मधले पाच आठवडे कागद दुरुस्त करायला वापरले.

पत्नीने इन्शुरन्सला पुन्हा फोन केला, या वेळी कोड हाताशी घेऊन. मुख्य निदान झेड १२.११ (मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी स्क्रीनिंग), दुय्यम निदान आर १९.५. प्रक्रियेचे कोड तीन: ४५३७८ नुसत्या पाहणीचा, ४५३८० बायोप्सीचा, ४५३८५ फासा टाकून पॉलिप काढण्याचा. प्रत्येकाला मॉडिफायर ३३, म्हणजे ‘ही सेवा प्रतिबंधात्मक आहे’ अशी खूण. असं आलं तर वाटा किती? उत्तर: शून्य. तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवला.

मग तज्ज्ञांच्या ऑफिसला डीएनए चाचणीच्या अहवालाची प्रत पाठवली आणि ऑर्डरमध्ये ‘स्क्रीनिंग, पॉझिटिव्ह शौचचाचणीनंतरची’ असं स्पष्ट लिहून मागितलं. ऑफिसने ते केलं, ३०० डॉलरची आगाऊ रक्कम मात्र सोडली नाही.

इथे एक सावधगिरी. हा कोडचा खेळ नाही. रक्त पडणं, वजन घटणं, शौचाच्या सवयीत बदल अशी लक्षणं असतील तर तपासणी खरोखरच डायग्नॉस्टिक असते आणि तिला स्क्रीनिंग म्हणणं खोटं ठरतं. शिवाय लक्षणं असताना शौचाची चाचणी करत बसणं हीच चूक. तेव्हा थेट तज्ज्ञाकडे जायचं. अविनाश यांना लक्षण नव्हतं, म्हणून मागणी रास्त होती.

तयारी

कोलोनोस्कोपी वाया जाते ती बहुधा आतडं स्वच्छ न झाल्यामुळे. मग काही महिन्यांत ती पुन्हा करावी लागते आणि इन्शुरन्सचा घोळही नव्याने सुरू होतो.

आठवडाभर आधी लोहाच्या गोळ्या आणि इसबगोल बंद. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं कधी थांबवायची, हे मात्र डॉक्टरांनाच विचारायचं. तीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाज्या, उसळी, तीळ, शेंगदाण्याचं कूट, डाळिंब, बियांसकट काकडी-टोमॅटो हे सगळं बंद. मऊ पांढरा भात, दही, अंडं, साल काढलेला उकडलेला बटाटा, पांढरा ब्रेड चालतो. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारे पातळ पदार्थ: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, सफरचंदाचा गाळलेला रस. ताक चालत नाही, ते पारदर्शक नाही. कोकम सरबतही नाही, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

आतडं साफ करणारं जुलाबाचं औषध दोन हप्त्यांत घ्यायचं. सकाळी नऊची वेळ होती, म्हणून अर्धं आदल्या संध्याकाळी सहाला आणि उरलेलं पहाटे चारला सुरू करून साडेसहाच्या आत संपवायचं. पहाटेचा अर्धा भाग लोक कंटाळून सोडतात आणि आतड्याची उजवी बाजू नेमकी त्यामुळे अस्वच्छ राहते. शेवटी पिवळसर, पाण्यासारखं, तळ दिसेल असं होऊ लागलं की झालं.

फार्मसीत पहिला धक्का बसला. तज्ज्ञांनी कमी पाण्यात घ्यायचं ब्रँडेड औषध लिहिलं होतं, ९८ डॉलर. एप्रिल २०१६ च्या खुलाशानुसार स्क्रीनिंगसाठीचं जुलाबाचं औषधही मोफत तपासणीतच येतं, पण प्लॅन त्यातलं जेनेरिक देऊ शकतो. डॉक्टरांना सांगून चार लिटरच्या जेनेरिक पावडरचं प्रिस्क्रिप्शन घेतलं. शून्य डॉलर. चवीला वाईट, थंडगार करून, नळीने, जिभेच्या मागे सोडत प्यायलं की उतरतं.

काय सापडलं

दोन पॉलिप सापडले. चढत्या आतड्यात ७ मिलिमीटरचा, तो थंड फाशाने (विजेचा चटका न देता) काढला. सिग्मॉइड भागात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडे, ३ मिलिमीटरचा, तो चिमट्याने. पॅथॉलॉजीत मोठा ट्यूब्युलर ॲडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकतो असा प्रकार) निघाला, लहान हायपरप्लास्टिक (सहसा निरुपद्रवी). कॅन्सर नाही. १० मिलिमीटरपेक्षा लहान असे एक-दोन ट्यूब्युलर ॲडेनोमा असतील तर पुढची कोलोनोस्कोपी सात ते दहा वर्षांनी, असं २०२० पासूनचं मार्गदर्शन आहे. डॉक्टरांनी सात लिहिलं.

बिलं

कोलोनोस्कोपी एक, पण दावे चार जणांचे: तज्ज्ञ डॉक्टर, सर्जरी सेंटर, भूलतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजी. चौघांची बिलिंग ऑफिसं वेगळी. आधी केलेली सगळी मेहनत त्यांतल्या पहिल्यापुरतीच पोचली होती.

डॉक्टरांचा दावा मॉडिफायर ३३ सह गेला, रुग्णाचा वाटा शून्य. सर्जरी सेंटरने ४५३८५ आणि ४५३८० लिहिले, ३३ लावलाच नाही: १,३७६ डॉलर डिडक्टिबलमध्ये. भूलतज्ज्ञांनी ००८११ वापरला, जो आतड्याच्या इतर एंडोस्कोपींचा कोड आहे. स्क्रीनिंग कोलोनोस्कोपीच्या भुलेसाठी ००८१२ आहे, मग आत काहीही सापडो: ५८८ डॉलर. पॅथॉलॉजीने ८८३०५ दोनदा लावला आणि निदान म्हणून फक्त पॉलिपचे कोड दिले, स्क्रीनिंगचा उल्लेख नाही: २१४ डॉलर. एकूण २,१७८.

कारवाई

पहिला नियम पाळला: इन्शुरन्सचा ईओबी (दाव्याचा हिशेब सांगणारा कागद) हातात येईपर्यंत एकही बिल भरलं नाही. ईओबी म्हणजे बिल नव्हे. पण कोणता दावा कोणत्या कारणाने डिडक्टिबलमध्ये गेला, ते त्यावरच कळतं.

मग प्रश्न आला, भांडायचं कोणाशी? अविनाश यांचा पहिला कल इन्शुरन्सविरुद्ध अपील करण्याचा होता. पण इन्शुरन्सने तिन्ही दावे आले तसेच निकाली काढले होते. चूक पाठवणाऱ्यांची होती. अशा वेळी आधी त्यांच्याकडून सुधारित दावा पाठवून घ्यायचा. ‘कोड बदला’ अशी मागणी केली की बिलिंगवाले लगेच आखडतात, आणि त्यांचंही बरोबर आहे, रुग्णाच्या सांगण्यावरून कोड बदलणं हा गैरप्रकार ठरू शकतो. म्हणून शब्द वापरले: ‘डॉक्टरांची ऑर्डर सोबत जोडली आहे, तिच्याशी दावा जुळत नाही. कृपया कोडिंगची फेरतपासणी करा आणि तोवर खातं होल्डवर ठेवा.’

भूलतज्ज्ञांच्या ऑफिसने तीन आठवड्यांत ००८१२ लावून दावा पुन्हा पाठवला. सर्जरी सेंटरने दोनदा पत्र हरवलं. जुलैत वसुली एजन्सीकडे पाठवण्याची नोटीस आली. तेव्हा सर्टिफाइड पोस्टाने पत्र गेलं, सोबत डॉक्टरांच्या शून्य वाट्याच्या ईओबीची प्रत. एकाच टेबलावर, एकाच वेळी झालेली एकच प्रक्रिया एका दाव्यात प्रिव्हेन्टिव्ह आणि दुसऱ्यात नाही, हे त्यांच्या पर्यवेक्षकालाही समजावून सांगता येईना.

पॅथॉलॉजीने सरळ नकार दिला: आम्ही जे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं तेच लिहितो. इथे मात्र इन्शुरन्सकडे अपील योग्य होतं, कारण ऑक्टोबर २०१५ च्या खुलाशाप्रमाणे स्क्रीनिंग कोलोनोस्कोपीत काढलेल्या पॉलिपची पॅथॉलॉजीही मोफतच असते. पॉलिप काढणं हा २०१३ च्या खुलाशापासून स्क्रीनिंगचाच भाग धरलेला आहे. इन्शुरन्सचा नकार कळल्यापासून अपीलला १८० दिवस मिळतात. पत्र एका पानाचं होतं: चाचणीचा अहवाल, ऑर्डर, चारही ईओबी आणि दोन्ही खुलाशांचा उल्लेख. भावना, मनस्ताप, काही नाही.

एका सहकाऱ्याने राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे तक्रार करायला सांगितलं. त्याचा उपयोग झाला नसता. सेल्फ-फंडेड प्लॅनवर राज्याचा अधिकार नसतो, त्यांची तक्रार केंद्रीय कामगार खात्याच्या एम्प्लॉई बेनिफिट्स विभागाकडे जाते. प्लॅन कोणत्या प्रकारचा, हे एचआरला एक ईमेल केला की कळतं. ती वेळ इथे आली नाही.

निकाल

भुलेचे ५८८ जूनमध्ये मिटले. पॅथॉलॉजीचं अपील ४१ व्या दिवशी मान्य झालं. सर्जरी सेंटरचा सुधारित दावा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शून्यावर आला आणि आगाऊ भरलेल्या ३०० डॉलरचा चेक ऑक्टोबरमध्ये. हिशेब: चौदा फोन, चार पत्रं, एक अपील.

या मधल्या काळात अविनाश यांनी आईला फोन करून वडिलांचे कागद शोधायला सांगितले. कपाटातल्या पिशवीतून मिरजेचा २०११ चा पॅथॉलॉजी अहवाल निघाला, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. कॅन्सर नव्हता. वयाच्या ६४ व्या वर्षी काढलेला मोठा ॲडेनोमा होता, पुढच्या टप्प्याचे बदल असलेला. जवळच्या नातेवाइकाला साठीनंतर असं निघालं असेल, तर इथल्या तज्ज्ञ संघटना चाळिसाव्या वर्षीच स्क्रीनिंग सुरू करायला सांगतात, तपासण्या आणि अंतरं मात्र सर्वसाधारण जोखमीचीच. साठीच्या आत निघालं असतं तर शौचाची चाचणी पुरली नसती, दर पाच वर्षांनी कोलोनोस्कोपीच लागली असती. म्हणजे चाचणीची निवड टिकली, पण सुरुवात सात वर्षं उशिरा झाली.

वेगळं काय करता आलं असतं

वडिलांचा तो कागद सात वर्षांपूर्वी शोधायचा होता. फॉर्मवर ‘कॅन्सर?’ एवढंच विचारलं असलं तरी डॉक्टरांना ‘आतड्याचं ऑपरेशन, कारण माहीत नाही’ असं सांगता आलं असतं. मात्र ४५ च्या आत केलेली तपासणी मोफत मिळेलच असं नाही, कारण ‘बी’ श्रेणी ४५ पासून सुरू होते.

ऑर्डर दुरुस्त झाल्यावर तिची प्रत चौघांनाही पाठवायला हवी होती. भूलतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजी कोण आहेत, हे सर्जरी सेंटरला आधी विचारलं की सांगतात. तपासणीच्या सकाळी रिसेप्शनवर ती प्रत फाइलमध्ये लावून घेतली असती, तर निदान सेंटरचे १,३७६ डॉलर आणि पाच महिने वाचले असते.

मुळात थेट कोलोनोस्कोपी निवडली असती तर? बिलांचा घोळ कमी झाला असता, पण संपला नसता. सरळ स्क्रीनिंगमध्येही पॉलिप निघाला की ३३ विसरला जातोच. आणि रजा मिळत नाही म्हणून कोलोनोस्कोपी वर्षानुवर्षं पुढे ढकलणाऱ्याने डीएनए चाचणी केलेली केव्हाही बरी.

मुलांकडे राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी हिशेब वेगळा. मेडिकेअरमध्ये (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी विमा) २०२३ पासून पॉझिटिव्ह शौचचाचणीनंतरची कोलोनोस्कोपी स्क्रीनिंगच धरली जाते, पण पॉलिप काढला तर २०२६ पर्यंत १५ टक्के वाटा लागतो. तो २०२७ ते २०२९ मध्ये १० टक्के आणि २०३० पासून शून्य होणार आहे. तिथली खूण ३३ नव्हे, पीटी. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांच्या व्हिजिटर इन्शुरन्सकडून स्क्रीनिंगची अपेक्षा करू नये. तो अचानक उद्भवणाऱ्या आजारांसाठी असतो.

अविनाश यांचा धाकटा भाऊ पुण्यात असतो, वय ४३. वडिलांचा अहवाल त्यालाही तितकाच लागू. भारतातल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही. त्याने कोलोनोस्कोपी स्वतःच्या पैशाने केली आणि अहवालाची प्रत भावाला पाठवली.

अविनाश यांची पुढची तारीख एप्रिल २०३१. तेव्हा ऑर्डरवर कारण ‘स्क्रीनिंग’ असं राहणार नाही, ‘पूर्वी पॉलिप काढलेला, म्हणून देखरेख’ असं येईल. अशा देखरेखीच्या कोलोनोस्कोपीबाबत प्लॅन वेगवेगळे वागतात: काही शून्य लावतात, काही डिडक्टिबल. फाइलच्या पहिल्या पानावर पत्नीने आत्ताच लिहून ठेवलं आहे: ‘२०३० च्या ओपन एनरोलमेंटमध्ये (पुढच्या वर्षाचा प्लॅन निवडताना) आधी हे विचारणे.’